न लिहिलेलं वाक्य

१. पत्र

सोमवारी सकाळी साडेनऊला वादविवाद मंडळाच्या कार्यकारिणीतल्या, अध्यक्ष सोडून, सातही जणांना एकच पत्र मिळालं. पत्र छापलेलं होतं, खाली सही नव्हती. बारा वाजेपर्यंत सातांपैकी पाच जणांनी एकमेकांना फोन करून ठरवूनही टाकलं होतं, की ग्रंथपालबाईंना काढावं. सभा मंगळवारी अकराला होती, पण ती नावापुरती.

साडेबाराला ग्रंथपालबाई पत्राची प्रत घेऊन वाचनालयात काकांच्या टेबलाशी आल्या. माझे काका तीस वर्षं कोर्टात लघुलेखक होते. वकील जे बोलतील ते शब्दन्‌शब्द टिपून घ्यायचं, हे त्यांचं काम. निवृत्त झाल्यापासून ते रोज मंडळाच्या वाचनालयात बसतात. मंडळाचे ते आजीव सभासदही आहेत. मी त्यांची पुतणी. पदवीचा निकाल लागून महिना झाला होता आणि नोकरी मिळेपर्यंत त्यांच्याकडेच राहत होते.

"दादा, वाचा," बाई म्हणाल्या. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला.

काकांनी पत्र मोठ्याने वाचलं.

"हे पत्र छातीवर दगड ठेवून लिहावं लागत आहे. ज्या हातांनी सव्वीस वर्षं पुस्तकं जपली, त्याच हातांनी मंडळाच्या विश्वासाचा गळा घोटावा, यापरतं दुःख नाही. शनिवारच्या अंतिम फेरीचा विषय ग्रंथपालांच्या भाचीला आधीच कळला होता. कपाट त्यांचं, किल्ली त्यांची, भाचीही त्यांचीच. त्या मुलीचं जिंकणं हाच याचा पुरावा. वेगळा पुरावा शोधण्याची गरज नाही. कोणी म्हणेल, लिफाफ्यातला विषय अध्यक्षांनी दिलेला नव्हताच, तो वाटेत बदलला गेला. पण तसं असतं तर अध्यक्ष बोलले असते. ते गप्प आहेत. तेव्हा निकाल रद्द व्हावा आणि ग्रंथपालांना दूर करावं. एक हितचिंतक."

"चांगलं लिहिलंय," काका म्हणाले.

"काका!" मी म्हणाले.

"अगं, चोरी सफाईदार असली तर सफाईदारच म्हणायचं. बाई, लिफाफ्याचा प्रवास सांगा. उलटसुलट नको, घडला तसा."

बाईंनी सांगितलं. विषय दरवर्षी अध्यक्ष एकटे ठरवतात. घरीच छापून, डिंकाने बंद केलेल्या लिफाफ्यात बुधवारी सकाळी सचिवांकडे पाठवतात. बुधवारी दिवसभर सचिवांनी तो लिफाफा प्रशिक्षकांच्या खोलीतल्या टेबलाच्या खणात ठेवला होता. गुरुवारी सचिवांनी तो बाईंना दिला. बाईंनी त्यावर लाखेची मोहोर केली आणि कपाटात ठेवला. शनिवारी दहा वाजता सगळ्यांसमोर मोहोर फोडून सचिवांनी विषय वाचला, 'गृहपाठ बंद करावा'. तयारीला दोन्ही तुकड्यांना एक तास मिळाला. अकराला वाद सुरू झाला.

"मोहोर शाबूत होती?"

"होती. पण मोहोर माझीच ना. मी आधी लिफाफा उघडून वाचला आणि मग मोहोर केली, असं कोणीही म्हणेल. दोन वर्षं राहिलीत माझी. हा डाग घेऊन गेले तर दुसरं वाचनालय मला पुस्तक झटकायलाही ठेवायचं नाही. आणि दादा, मी हे केलेलं नाही. पण पत्र वाचून संपलं तेव्हा क्षणभर मलाच वाटलं, मी केलं असेन."

२. तीन माणसं

मंडळात नव्या विद्यार्थ्याला पहिल्या दिवशी शिकवतात, की माणसाला एखादी गोष्ट तीन कारणांनी पटते: सांगणाऱ्यावर विश्वास असतो म्हणून, मनाला भिडते म्हणून, किंवा विचार करून बरोबर वाटते म्हणून. गंमत अशी, की मंडळातली तीन मुख्य माणसं या तीन कारणांवर बेतल्यासारखीच आहेत. बुधवारी लिफाफा खणात असताना त्या खोलीत फक्त याच तिघांची ये-जा होती.

सचिवांच्या खोलीत त्यांचे स्वतःचे सहा फोटो होते. प्रत्येकात ते कुणाला तरी काहीतरी देत होते.

"मी अकरा वर्षं सचिव आहे," ते म्हणाले. "मी सांगतो, तेव्हा मंडळ सांगतं. बाई चांगल्या, पण नियम म्हणजे नियम."

"वाचनालयाच्या खोलीत तुम्हाला ध्वनिमुद्रणाची सोय करायची आहे म्हणे," काका म्हणाले.

"ते दोन वर्षांनी, बाई निवृत्त झाल्यावर. मला घाई कसली?"

"आता केली तर दोन वर्षं वाचतील."

सचिवांनी टेबलावरचा कागद उचलला आणि तो उलटा आहे हे दिसल्यावर सरळ केला.

दुसऱ्या होत्या गहिवरबाई. हे नाव विद्यार्थ्यांनी ठेवलेलं. त्या बोलायला लागल्या की सभागृहातली निम्मी माणसं रुमाल शोधतात. जिंकलेली तुकडी त्यांची. ग्रंथपालबाईंची भाची त्यांच्याच हाताखाली तयार झालेली.

"सगळे माझ्याकडेच बघतायत," त्या म्हणाल्या. "छातीवर दगड, गळा घोटणं! अहो, ही वाक्यं माझीच वाटतात. मलासुद्धा वाटली! पण मी असं पत्र लिहून माझ्याच तुकडीचं बक्षीस घालवेन? मला वेड लागलंय का?"

"जवळच्या माणसावरचा राग फार महाग पडतो कधीकधी."

"बाईंवर कसला राग? त्यांनी मला सव्वीस वर्षांत एकदाही पुस्तक उशिरा आणल्याबद्दल सोडलं नाही, एवढंच." त्या हसल्या आणि लगेच त्यांचे डोळे भरून आले. मी नोंद केली, पण त्यावरून काही निष्कर्ष काढला नाही. त्यांचे डोळे खिडकी बंद करतानाही भरून आले होते.

तिसरे म्हणून सर. हे नावही विद्यार्थ्यांचंच, कारण सरांचं दर दुसरं वाक्य 'म्हणून'ने सुरू होतं. हरलेली तुकडी त्यांची. आम्ही वर्गात शिरलो तेव्हा ते एका मुलाला फळ्यासमोर उभं करून शिकवत होते.

"दावा सांगितलास, पुरावा दिलास. मधला दुवा कुठाय? 'बाहेर लोक छत्री घेऊन चाललेत, म्हणून पाऊस आहे.' का रे? ऊन असेल! पुरावा दाव्यापर्यंत चालत जात नाही, त्याला पूल लागतो. तो पूल म्हणजे दुवा. आणि उलटा मुद्दा? समोरचा काय म्हणेल, ते त्याच्या आधी आपण म्हणायचं आणि तिथेच मोडायचं. उलटा मुद्दा नसेल तर त्या कागदाला माझ्या टेबलावर जागा नाही. बस."

वर्ग सुटल्यावर ते काकांना म्हणाले, "पत्र भावनेने बरबटलंय. म्हणून ते कुणी लिहिलं ते उघड आहे. मी नाव घेणार नाही."

"तुमची तुकडी हरली, सर. निकाल रद्द झाला तर फायदा तुमचाच."

"आहे ना. विजेत्या तुकडीचा प्रशिक्षक पुढच्या वर्षीचा अभ्यासक्रम ठरवतो, असा इथला रिवाज. चार वर्षं तो मान मला मिळालेला नाही. पण फायदा असणं आणि कृत्य करणं यांत दुवा लागतो. तो दाखवा, मी मान्य करीन."

बाहेर आल्यावर मी विचारलं, "तिघांनाही कारण आहे, तिघांनाही संधी होती. आता?"

काका जिना उतरता उतरता थांबले. "आता ज्या मुलीवर सगळं उभं आहे, तिला कुणी काही विचारलंय का?"

कुणीही विचारलं नव्हतं.

३. बादली

भाची वाचनालयाच्या पायरीवर बसली होती. वय एकोणीस, आवाज बसलेला.

"मावशीने मला काही सांगितलं नाही," ती म्हणाली. "आणि सांगायला ती मावशी तशी आहे का? घरी साखरेचा डबा कुठे आहे ते विचारलं तरी 'शोध' म्हणते."

"मग एका तासात एवढं सुचलं कसं?"

"सुचलं कुठं? मला नीट दोनच मुद्दे सुचले होते. बाकी मी समोरच्यांचं ऐकत गेले आणि उत्तरं देत गेले. त्यांची भाषणं मात्र एकदम गुळगुळीत होती, बोट घालायला जागा नाही. आकडे काय, उदाहरणं काय! पण मी मध्ये दोनदा सरळ प्रश्न विचारला, तर एकानेही उत्तर दिलं नाही. पुढचा मुद्दा सुरू. ते भाषण करत होते, मी भांडत होते. परीक्षकांना भांडण आवडलं असेल."

घरी आल्यावर काकांनी पत्र टेबलावर पसरलं आणि मला पेन्सिल दिली. "यातलं सालपट काढ. आधी भावना."

मी छातीवरचा दगड, सव्वीस वर्षं आणि गळा खोडला.

"आता ताल."

"ताल?"

"कपाट त्यांचं, किल्ली त्यांची, भाचीही त्यांचीच. ओळीत तीन गोष्टी म्हटल्या की कानाला वाटतं, सिद्ध झालं. कोर्टात तीनचा ठेका सुरू झाला की माझी पेन्सिल जरा सावध व्हायची. त्या तीन गोष्टींनी फक्त एवढंच कळतं, की बाईंना संधी होती. संधी तर आणखी तिघांना होती. खोड."

उरली ती तीन वाक्यं. विषय मुलीला आधी कळला. पुरावा, ती जिंकली. आणि उलटा मुद्दा, विषय बदलला असं कोणी म्हणेल, पण अध्यक्ष गप्प आहेत.

मी ते तिसरं वाक्य पुन्हा वाचलं. "काका, आज दुपारपासून आपण किती जणांशी बोललो? विषय बदलला असेल असं कुणीतरी म्हणालं का?"

"कोणीही नाही."

"मग पत्रात उत्तर कुणाला दिलंय?"

काका माझ्याकडे बघून थोडे हसले. "कुठेही आग नसताना पाण्याची बादली घेऊन फिरणारा माणूस दिसला, तर काय समजावं?"

"त्याला माहीत आहे, आग कुठे लागणार आहे ते."

"किंवा लावली कुणी ते. ज्याची जी सवय. या मंडळात उलटा मुद्दा मोडल्याशिवाय कागद पूर्ण होत नाही. सगळ्यात मोठी भीती कुठली, ते लिहिणाऱ्याने स्वतःच लिहून दिलं."

अध्यक्षांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं होतं. म्हणून ते अंतिम फेरीला नव्हते, आणि पंधरा दिवस त्यांना वाचायला मनाई होती. काकांनी फोन लावला आणि आवाज मोठा केला.

"स्पर्धा छान झाली म्हणे," अध्यक्ष म्हणाले. "आमची मुलगी सांगत होती."

"विषयही छान होता."

"मग! 'शहरात झाडांपेक्षा घरं महत्त्वाची'. दोन्ही बाजूंना दम असलेला विषय. मला रात्रभर..."

पुढचं मी ऐकलं नाही.

४. तीन चिठ्ठ्या

मंगळवारी अकरा वाजता सातही जण लांबट टेबलाभोवती बसले. ग्रंथपालबाई दाराजवळच्या खुर्चीवर होत्या. त्यांनी वाचनालयाची किल्ली सोबत आणली होती. ती परत द्यावी लागेल असं त्यांनी गृहीत धरलं होतं. अध्यक्षांनी सचिवांना फोन करून फक्त एवढंच सांगितलं होतं, की लघुलेखकांना पंधरा मिनिटं द्या. कारण सांगितलं नव्हतं.

"मला एक छोटा प्रयोग करायचाय," काका म्हणाले. "तुमच्याच शाळेतला. पत्रात दावा आहे, की विषय मुलीला आधी कळला होता. पुरावा आहे, की ती जिंकली. मधला दुवा लिहिलेला नाही. पत्र खरंच आहे असं धरून चाला, आणि सचिव, प्रशिक्षकबाई, सर, तुम्ही तिघांनी तो दुवा लिहा. एकच वाक्य. एकमेकांचं बघायचं नाही."

"हा पोरखेळ आहे," सचिव म्हणाले.

"तुमच्या वजनाच्या माणसाला जड जाऊ नये."

मी चिठ्ठ्या वाटल्या. गहिवरबाईंनी दोनदा खोडलं. सचिवांनी आधी तारीख घातली. म्हणून सरांनी न थांबता लिहिलं आणि पेनाचं टोपण लावलं.

मी एकेक चिठ्ठी वाचली.

सचिवांची होती: 'किल्ली मावशीच्या हाती असली की विषय भाचीच्या कानी जातोच.'

गहिवरबाईंची: 'इतकं आतून आलेलं बोलणं एका तासात सुचत नाही.'

म्हणून सरांची: 'पूर्ण तयारीच्या प्रतिपक्षाला तयारीशिवाय हरवता येत नाही.'

"सर, शंभर गुण," काका म्हणाले. "सचिवांनी फक्त संधी पुन्हा सांगितली, मुलीच्या जिंकण्याशी तिचा संबंध नाही. प्रशिक्षकबाईंना शनिवारची भांडकुदळ मुलगी आतून बोलतेय असं वाटलं, तो त्यांचा स्वभाव. तुमचं वाक्य मात्र अगदी फिट बसतं. ते मध्ये ठेवलं की पत्र अभेद्य होतं."

सरांनी मान किंचित झुकवली. "तर्क आहे तो."

"एक शंका. तास दोन्ही तुकड्यांना एकच मिळाला होता. घाईघाईचा, अर्धामुर्धा. मग प्रतिपक्ष पूर्ण तयारीचा होता, हे तुम्हाला कुठून कळलं?"

सरांनी चिठ्ठीकडे पाहिलं. मग फळ्याकडे पाहिलं. खोलीत फळा नव्हता. तिथे भिंत होती.

"माझे विद्यार्थी नेहमीच तयार असतात, म्हणून," ते म्हणाले.

काका माझ्याकडे वळले. "खाली जा. सरांच्या तुकडीच्या कर्णधाराला त्याची सरावाची वही घेऊन ये म्हणावं."

५. सोमवार आणि बुधवार

कर्णधाराने वही काकांना न देता सरांना दिली. सरांनी ती उघडली नाही. काकांनी उघडली.

"'गृहपाठ बंद करावा,'" त्यांनी वाचलं. "दोन्ही बाजू, सोळा मुद्दे, तेवीस आकडे. तारीख गेल्या आठवड्यातल्या सोमवारची आणि मंगळवारची."

"सर म्हणाले, नुसता योगायोग आहे," कर्णधार म्हणाला. "बाहेर बोलू नका म्हणाले, लोक शंका घेतील."

"अध्यक्षांचा लिफाफा मंडळात बुधवारी आला," काका म्हणाले. "सराव सोमवारी सुरू झाला. विषय फुटला असता तर तो बुधवारनंतर फुटला असता. हा विषय तर लिफाफा येण्याआधीच इथे होता. म्हणजे तो फुटला नाही, तो लिफाफ्यात घातला गेला. अध्यक्षांनी दिला होता तो झाडांचा आणि घरांचा. खात्री करायची तर फोन करा, ते जागे आहेत. बुधवारी खणात साधा तपकिरी लिफाफा होता, वर डिंक. तसे लिफाफे कोपऱ्यावरच्या दुकानात पाच रुपयांना मिळतात. गुरुवारी बाईंनी त्यावर इमानदारीने मोहोर केली. त्यांनी राखण केली, पण आधीच बदललेल्या मालाची."

"थांबा," गहिवरबाई म्हणाल्या. "ज्याने विषय बदलला, त्याचीच तुकडी हरली?"

"हरली. पाठ केलेलं भाषण मध्ये थांबून ऐकत नाही. मुलीने सरळ प्रश्न विचारले आणि या मुलांना उत्तरं देता आली नाहीत, कारण ती उत्तरं वहीत नव्हती."

"मग पत्र कशाला? गप्प बसायचं!"

"तोच सगळ्यात विचित्र भाग आहे. पत्रातला बाईंवरचा आरोप खोटेपणाने केलेला नाही, लिहिणाऱ्याला तो खराच वाटतो. सर, मी चुकतोय का?"

सर उभे राहिले. मग त्यांनी अगदी वर्गातल्या आवाजात सुरुवात केली.

"माझ्या मुलांनी दोन दिवस तयारी केली होती. तिने एक तास. एका तासाची तयारी दोन दिवसांच्या तयारीला हरवू शकत नाही. तिने हरवलं. म्हणून तिला विषय आधी कळला होता. तिची मावशी कपाटाची राखण करते. म्हणून तिनेच सांगितलं. यात चूक दाखवा. कोणीतरी दाखवा मला."

"तिसऱ्या वाक्यात आहे," काका म्हणाले. "हरवू शकत नाही, हे तुम्ही तपासलं नाहीत, धरून चाललात. शनिवारी डोळ्यांसमोर त्याचा उलटा पुरावा उभा राहिला, तर तुम्ही पुरावाच खोटा ठरवलात. आणि बाईंना काढायला निघालात."

"भावनेची भाषा वापरली, म्हणजे..." सचिव गहिवरबाईंकडे बघत म्हणाले.

"म्हणजे संशय माझ्यावर यावा," गहिवरबाई म्हणाल्या. या वेळी त्यांचे डोळे कोरडे होते. "काय हो सर, 'गळा घोटणं' तरी स्वतःचं वापरायचंत. ते माझ्या गेल्या वर्षीच्या भाषणातलं आहे."

सरांना बाहेर थांबायला सांगण्यात आलं. ते गेले तेव्हा वही टेबलावरच राहिली. कर्णधाराने ती उचलली आणि तोही गेला. उरलेल्यांनी पाच मिनिटांत ठरवलं: सरांचा राजीनामा घ्यायचा, निकाल कायम ठेवायचा. सचिव उभे राहिले आणि कोटाची बटणं लावली.

"ग्रंथपालबाई, मंडळाच्या वतीने, मी सचिव या नात्याने, झाल्या प्रकाराबद्दल..."

"मंडळाच्या वतीने नको," बाई बसूनच म्हणाल्या.

सचिव खाली बसले.

"काल बारा वाजेपर्यंत पाच जणांचं ठरलं होतं, मला काढायचं. एक बाहेर गेले. चार इथे आहेत. कोण ते मला माहीत नाही, विचारायचंही नाही. ज्यांचं ठरलं होतं, त्यांनी आपलं आपण एक वाक्य बोलावं. 'मी तुम्हाला न विचारता पत्रावर विश्वास ठेवला.' पुढे 'पण' नको. मला पत्र वाचून स्वतःवर शंका आली, तुम्हाला माझ्यावर आली यात नवल नाही. तुम्ही विचारायला आला नाहीत. मी खालच्या मजल्यावर होते. बावीस पायऱ्या आहेत."

त्या टेबलाभोवती बसलेल्या प्रत्येकाने आयुष्यात हजारभर सभा गाजवल्या होत्या. कोणालाही वाक्य सुरू करता येईना. एकाने पाण्याचा पेला उचलला, तो रिकामा होता. सचिवांनी तोंड उघडलं, 'मी अकरा वर्षं' एवढं म्हटलं आणि मिटलं.

शेवटी गहिवरबाई उभ्या राहिल्या. आवाज चढवला नाही, हात हलवले नाहीत.

"मी तुम्हाला न विचारता पत्रावर विश्वास ठेवला."

"बरं," ग्रंथपालबाई म्हणाल्या. "पुढचे."

चौघांचं होईपर्यंत बारा वाजून वीस मिनिटं झाली. त्यानंतर बाई किल्ली घेऊन बावीस पायऱ्या उतरल्या. दाराशी सात विद्यार्थी ताटकळत उभे होते. वाचनालय बाराला उघडायचं असतं, असं त्यातला एक जण म्हणाला. बाईंनी त्याला सॉरी म्हटलं आणि दार उघडलं.